फक्त ६७ माणसं? ट्रवेरिनच्या धरणाने भाषेचं नेमकं काय बुडवलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्तर वेल्समधल्या ट्रवेरिन खोऱ्यात लिव्हरपूल महापालिकेने धरण बांधलं, १९६५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि कॅपेल केलिन हे वेल्शभाषक गाव पाण्याखाली गेलं. खोऱ्यात राहणाऱ्या ६७ जणांपैकी ४८ जणांची घरं गेली. आपल्याकडे एकेका धरणात हजारो कुटुंबं उठतात, मग या ४८ माणसांचा एवढा गवगवा का? आणि ‘धरणांनी वेल्श भाषा बुडवली’ हे वाक्य प्रबंधात लिहायचं असेल तर ते पुराव्यानिशी कसं लिहावं?

प्रकल्पग्रस्तांच्या कुटुंबनिहाय पाहण्या आणि सामाजिक परिणामांचे अहवाल हे माझं काम आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो. एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. धरणामुळे भाषा बोलणारे किती कमी झाले, हा एक. धरणामुळे भाषा चालवणारी व्यवस्था किती मोडली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळपास शून्य आहे. दुसऱ्याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि खरं काम तिथेच आहे.

आधी पहिला आकडा मान्य करून टाकू. १९६१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ६ लाख ५६ हजार होते. त्यात ६७ म्हणजे दहा हजारांत एक. आणि ही माणसं काही भाषा विसरली नाहीत. धरणाच्या खालच्या अंगाला काही मैलांवर बाला हे बाजाराचं गाव आहे, तेही वेल्शभाषक, आणि बालाच्या आजूबाजूचा पेनलिन परिसर आजही वेल्शचा गड मानला जातो. म्हणजे कॅपेल केलिनचा माणूस घर सोडून बालाला गेला तरी त्याची भाषा त्याच्याबरोबर गेली आणि टिकली.

भाषेची मोठी घसरण इतर कारणांनी झाली. वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण १९०१ मध्ये निम्मं होतं, १९५१ मध्ये २९ टक्क्यांच्या आसपास, १९६१ मध्ये २६ आणि १९७१ मध्ये २१ टक्क्यांच्या आसपास. यामागे दक्षिणेतल्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात बाहेरून आलेले कामगार आहेत, इंग्रजी शाळा आहेत, १९२० आणि १९३० च्या मंदीत कामासाठी वेल्स सोडून गेलेली माणसं आहेत, रेडिओ आणि टीव्ही आहेत, नंतरच्या काळात बाहेरच्यांनी घेतलेली सुट्टीची घरं आहेत. या यादीत धरणांचा नंबर फार खाली लागतो. तेव्हा ‘धरणांनी वेल्श भाषा बुडवली’ हे वाक्य लिहू नका. परीक्षक पहिल्याच आकड्यावर अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता दुसरा प्रश्न. डोकी मोजणं इथे चुकीचं का ठरतं, हे थोड्या गणिताने स्पष्ट होतं.

समजा एखाद्या परिसरात ७० टक्के लोक वेल्श बोलतात. वरवर पाहता भक्कम बहुमत. पण कोणतीही दोन माणसं समोरासमोर आली तर दोघांनाही वेल्श येत असण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. दहा जणांची समिती बसली तर दहाही जणांना वेल्श येत असण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी. हेच प्रमाण ९५ टक्के धरलं तर दहाजणांच्या समितीसाठी ते ६० टक्के होतं, ९९ टक्के धरलं तर ९० टक्के. प्रत्यक्षात माणसं अशी चिठ्ठ्या टाकून एकत्र येत नाहीत. आपल्या भाषेच्या माणसांजवळच बसतात, त्यामुळे खरी स्थिती या आकड्यांपेक्षा बरी असते. पण दिशा हीच. वेल्समधले भाषा-भूगोलाचे अभ्यासक ७० टक्क्यांचा उंबरठा मानतात, त्यामागे हाच हिशोब आहे. त्याखाली गेलं की अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात इंग्रजीतून होते.

दुसरी बाजू अशी की वेल्श बोलणाऱ्या जवळपास प्रत्येकाला इंग्रजी येतं आणि उलट होत नाही. म्हणून एका माणसाच्या सोयीसाठी नऊ जण भाषा बदलतात. मुंबईतल्या सोसायटीच्या सभेत एक अमराठी सभासद येऊन बसला की सगळी सभा हिंदीत कशी सरकते, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

यातून निष्कर्ष असा निघतो की जवळपास शंभर टक्के वेल्शभाषक असलेलं ६७ माणसांचं खोरं आणि एखाद्या मिश्र शहरात विखुरलेली ६७ वेल्शभाषक माणसं, जनगणनेच्या तक्त्यात सारखीच दिसतात. भाषेच्या दृष्टीने पहिल्यात एक पूर्ण चाललेला संसार आहे. दुसऱ्यात ६७ माणसं आहेत, ज्यांची भाषा घराच्या उंबरठ्याबाहेर पडली की बदलते.

कॅपेल केलिनमध्ये हा संसार कशावर उभा होता ते जवळून बघा. गावात चॅपेल म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघर होतं, स्मशानभूमी होती, शाळा होती, पोस्ट होतं, आणि भोवती डझनभर शेतं-घरं. वेल्समधलं चॅपेल म्हणजे फक्त रविवारची प्रार्थना नव्हे. तिथली रविवारची शाळा मुलांइतकीच मोठ्यांसाठी असायची. शेतकरी बाकावर बसून वेल्श बायबल वाचायचे आणि त्यावर वाद घालायचे. ही परंपरा वेल्समध्ये पसरली त्यात बालाचे धर्मोपदेशक थॉमस चार्ल्स यांचा मोठा वाटा होता. सर्वसाधारण माणूस आपली भाषा नुसती बोलत नाही, वाचतो, लिहितो, तिच्यात हिशोब ठेवतो, सभेचं इतिवृत्त लिहितो, हे तिथे चॅपेलमुळे घडलं. त्याच जागेत गाण्याच्या तालमी, पाठांतराच्या स्पर्धा, छोटे आयस्तेदवोद म्हणजे साहित्य-संगीताचे मेळावे. बालाच्या परिसराचं वेल्श अस्मितेतलं स्थान मोठं असण्याचं हेही एक कारण. पाटागोनियात वेल्श वसाहत उभारण्याची कल्पना पुढे नेणारे मायकेल जोन्स बालाचेच, आणि ती वसाहत वसली १८६५ मध्ये, म्हणजे कॅपेल केलिन बुडण्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी.

पाहणी करताना मी संस्थांपेक्षाही भूमिका मोजायला सांगतो. ऑर्गन कोण वाजवतं, रविवारच्या शाळेत कोण शिकवतं, गाण्याची तालीम कोण घेतं, चॅपेलचा खजिनदार कोण, लोकर कातरायच्या दिवशी शेजाऱ्यांची पाळी कोण लावतं. लहान गावात एकच माणूस यातल्या तीन-चार जागा सांभाळत असतो. असं एक कुटुंब उठलं की एका घराबरोबर चार कामं बंद पडतात. आणि नव्या ठिकाणी तो माणूस गेला तर तिथे त्या चारही जागा आधीच भरलेल्या असतात. तो तिथे सभासद होतो, चालक राहत नाही. भरपाईच्या कोणत्याही तक्त्यात या गोष्टीला रकाना नसतो. कॅपेल केलिनमध्ये शाळा आणि चॅपेल दोन्ही १९६३ मध्ये बंद झाले, धरणात पाणी अडायच्या आधीच. आपल्याकडेही हेच होतं: गाव पाण्याने नंतर मरतं, आधी शाळा बंद होते.

माणसं कुठे गेली आणि कशी गेली, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. इथे वेल्समधली चार ठिकाणं शेजारी ठेवून बघा, कारण प्रत्येकाचा परिणाम वेगळा आहे.

लानवुदिन हे व्हर्नवी खोऱ्यातलं गाव लिव्हरपूलनेच १८८० च्या दशकात बुडवलं. तिथे महापालिकेने धरणाखाली नवं गाव बांधून दिलं, चर्च बांधलं, मृतांचे अवशेषही हलवले. कागदावर हे ट्रवेरिनपेक्षा चांगलं पुनर्वसन आहे. पण मालकी बदलली. भोवतालची जमीन महापालिकेच्या ताब्यात गेली, आणि जो आधी शेतकरी होता त्याचा जमीनमालक आता इंग्लंडमधलं एक शहर होतं. घर वेल्समध्ये राहिलं, पोटाची दोरी बाहेर गेली. पुनर्वसनात गावठाण दिलं की काम झालं असं मानणारे लोक ही गोष्ट नेहमी विसरतात.

एलान खोऱ्यात बर्मिंगहॅमने १८९२ च्या कायद्याने जमीन घेतली आणि १९०४ मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या हस्ते पाणी सुरू केलं. सुमारे शंभर माणसं उठली आणि भरपाई फक्त जमीनमालकांना मिळाली. कुळं आणि मजूर रिकाम्या हाताने गेले. आपल्या भाषेत सांगायचं तर निवाडा खातेदाराच्या नावाने निघाला आणि कसणारा यादीतच आला नाही. तिथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: बर्मिंगहॅमने केवळ बुडीत क्षेत्र घेतलं नाही, पाणी स्वच्छ राहावं म्हणून सुमारे ७० चौरस मैलांचं पाणलोट क्षेत्रच घेतलं. त्यामुळे पाण्याच्या रेषेच्या वर राहिलेली शेतीही पालिकेच्या अटींवर चालू लागली. तुम्ही परिणाम फक्त बुडीत रेषेपर्यंत मोजलात तर एलानमध्ये बहुतांश परिणाम तुमच्या नकाशाबाहेर राहील.

तिसरं ठिकाण धरणाचं नाही. १९४० मध्ये लष्कराने तोफांच्या सरावासाठी एपिंट डोंगर ताब्यात घेतला. ५४ घरं आणि २१९ माणसं उठली. आकड्याने हे ट्रवेरिनच्या काही पट. शिवाय जागा महत्त्वाची: एपिंट वेल्शभाषक प्रदेशाच्या पूर्व कडेला होता. गाभ्यातलं गाव उठलं तर शेजारची गावं त्याच भाषेची असतात, माणसं सामावली जातात. कडेवरचं उठलं की सीमारेषाच मागे सरकते, आणि पुढच्या पिढीला ती तिथे कधी होती हेही माहीत नसतं. नुसत्या भाषिक नुकसानीची तुलना केली तर माझ्या मते एपिंटचं नुकसान ट्रवेरिनपेक्षा मोठं होतं. तरी वेल्सबाहेर एपिंटचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. याचं कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, त्याकडे लगेच येतो.

आणि चौथं म्हणजे ट्रवेरिन: नवं गाव नाही, एकत्र स्थलांतर नाही, कुटुंबं आपापल्या वाटेने गेली. भाषा माणसांत राहिली, गाव राहिलं नाही.

इथे कोयनेची आठवण होणं साहजिक आहे. कोयनेची माणसं ठाणे-रायगडपर्यंत विखुरली आणि त्यांचे हाल कॅपेल केलिनपेक्षा कितीतरी मोठे होते. पण ती जिथे गेली तिथे तलाठी, शाळा, बाजार सगळं मराठीतच होतं. भाषा हा त्यांच्या नुकसानीच्या यादीतला मुद्दाच नव्हता, म्हणून आपल्या पाहणीच्या नमुन्यांतही तो रकाना नाही. नंदुरबारमधल्या सरदार सरोवराच्या भिल्ल-पावरा गावांसाठी मात्र तो असायला हवा होता. तुमची तुलना आकड्यांची असेल तर कोयना घ्या, भाषेची असेल तर नर्मदाकाठ.

आता एपिंट विसरला गेला आणि ट्रवेरिन का राहिलं, याकडे येऊ. ट्रवेरिनमध्ये नुकसानीपेक्षा निर्णयाची पद्धत लोकांच्या जास्त जिव्हारी लागली.

घटनाक्रम असा आहे. डिसेंबर १९५५ मध्ये गावकऱ्यांना योजनेची बातमी वर्तमानपत्रातून कळली. त्याआधी लिव्हरपूलने मॉन्टगोमेरीशरमधल्या डोलानोग खोऱ्याचं नाव पुढे केलं होतं. ते प्रसिद्ध स्तोत्रकवयित्री अ‍ॅन ग्रिफिथ्स यांचं गाव, तिथे विरोध उठला आणि ते मागे पडलं. १९५६ मध्ये कॅपेल केलिनमध्ये बचाव समिती स्थापन झाली. नोव्हेंबर १९५६ मध्ये गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा घेऊन गेले. महापालिकेने स्थानिक वेल्श प्राधिकरणाकडून नियोजनाची परवानगी घेण्याऐवजी थेट संसदेत खासगी विधेयक मांडलं. या मार्गाचा अर्थ नीट समजून घ्या: असा कायदा झाला की एका महापालिकेला दुसऱ्या देशातली जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार थेट संसदेकडून मिळतो, आणि हे खोरं ज्या मेरियोनेथ काउंटीत होतं तिने ‘नाही’ म्हटलं तरी त्याला अर्थ उरत नाही. आक्षेप घ्यायचा तर लंडनला संसदीय समितीपुढे वकील घेऊन जायचं, म्हणजे मेंढपाळांच्या गावाने एका बंदराच्या महानगराच्या खजिन्याशी लढायचं.

जुलै १९५७ मध्ये दुसऱ्या वाचनाला १६६ विरुद्ध ११७ मतांनी विधेयक पुढे गेलं. वेल्सचे खासदार, पक्ष कुठलाही असो, जवळजवळ एकमुखाने विरोधात होते. १ ऑगस्ट १९५७ ला त्याचा कायदा झाला. म्हणजे एका देशाच्या निवडून दिलेल्या जवळपास सगळ्या प्रतिनिधींचा विरोध होता आणि त्याने काहीच फरक पडला नाही. ज्या वेल्श माणसाला ट्रवेरिन नकाशावर दाखवता आलं नसतं, त्यालाही हे समजलं. एपिंट युद्धात गेला, त्याविरुद्ध बोलणं तेव्हा देशद्रोहासारखं वाटलं असतं. ट्रवेरिन शांततेच्या काळात, मतदानाच्या नोंदीसह गेलं.

पाण्याच्या तांत्रिक बाजूचाही इथे संबंध आहे, आणि तुमच्या प्रबंधात तो यायला हवा. या धरणाचा लिन केलिन हा जलाशय पाइपने लिव्हरपूलला जोडलेला नाही. तो नियमन करणारा जलाशय आहे: कोरड्या दिवसांत त्यातून ट्रवेरिन नदीत पाणी सोडतात, ते डी नदीला मिळतं आणि खूप खाली चेस्टरजवळ हंटिंग्टन इथे उचललं जातं. म्हणजे डी नदीच्या वरच्या खोऱ्यात पाणी कुठेतरी साठवायचं होतं, याच गावावर साठवायचं होतं असं नाही. त्याच डी नदीच्या नियमनासाठी पुढे १९७६ च्या सुमारास लिन ब्रेनिग हा जलाशय झाला, तो मुख्यतः माळरानावर. पर्याय तपासले का, हा प्रश्न म्हणून केवळ भावनिक ठरत नाही. अभियांत्रिकीच्या बाजूनेही तो विचारता येतो. विरोधकांचा दुसरा मुद्दा होता की हे पाणी घरांना प्यायला कमी आणि उद्योगांना विकायला जास्त हवं आहे. पिण्याच्या पाण्याची निकड आणि पाणी विकून मिळणारं उत्पन्न, हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळून मांडलं जातं तेव्हा पाहणी करणाऱ्याने ते वेगळं करून मागावं. आपल्या मुळशीतही १९२१ च्या सत्याग्रहात भांडण हेच होतं: मावळ्यांची भातखाचरं कुणाच्या विजेसाठी.

पुढचं बहुतेक तुम्हाला माहीत असेल, म्हणून झरझर सांगतो. १९६२ आणि १९६३ मध्ये धरणाच्या कामावरच्या ट्रान्सफॉर्मरची मोडतोड झाली, दुसऱ्या वेळी स्फोट करून. २१ ऑक्टोबर १९६५ चं उद्घाटन घोषणांमध्ये काही मिनिटांत आटोपावं लागलं. जुलै १९६६ मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ग्विनव्हॉर इव्हान्स कार्मार्दनमधून पोटनिवडणूक जिंकून त्या पक्षाचे पहिले खासदार झाले. आबेरिस्टविथच्या दक्षिणेला लानरिस्टिडजवळ रस्त्याकाठच्या एका पडक्या भिंतीवर माइक स्टीव्हन्स यांनी साठच्या दशकात ‘ट्रवेरिन लक्षात ठेवा’ या अर्थाचे दोन शब्द रंगवले. २०१९ मध्ये त्या भिंतीची नासधूस झाल्यावर तेच शब्द वेल्सभर अनेक भिंतींवर उगवले. २००५ मध्ये लिव्हरपूल नगर परिषदेने माफी मागितली.

या यादीतून एक सोपी साखळी ओवायचा मोह होतो: धरण, मग चळवळ, मग भाषा कायदा. ती ओवू नका. भाषेच्या चळवळीला थेट चालना दिली वेल्श लेखक सॉन्डर्स लुइस यांच्या फेब्रुवारी १९६२ च्या रेडिओ भाषणाने, आणि त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी कायदेभंग करणारी संघटना उभी राहिली. ते भाषण १९६१ च्या जनगणनेचे आकडे येण्याच्या तोंडावर झालं होतं. ट्रवेरिनने त्या चळवळीला संताप दिला, उदाहरण दिलं, एक नाव दिलं. १९६७ चा वेल्श भाषा कायदा एकट्या धरणामुळे आला असं म्हणणं म्हणजे दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ती. पण हे लिहिता येईल: ज्या धरणाने भाषेचा एक छोटा पूर्ण संसार मोडला, त्याच धरणाने भाषेच्या राजकारणाला बळ दिलं. दोन्ही परिणाम एकाच वेळी खरे आहेत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. पहिल्याची किंमत ज्यांनी मोजली, दुसऱ्याचा फायदा त्यांनाच मिळाला असंही नाही.

सांस्कृतिक नुकसान मोजताना स्मशानाचा मुद्दा वेगळा काढा, कारण तिथे चुका हमखास होतात. कॅपेल केलिनमध्ये नातेवाइकांच्या इच्छेनुसार आठ मृतांचे अवशेष दुसरीकडे हलवले, बाकीचे तिथेच राहिले आणि जमीन वरून झाकून टाकली. काठावर स्मारक चॅपेल बांधलं, शिल्पकार आर. एल. गॅपर यांच्या आराखड्याप्रमाणे, आणि काही थडग्यांचे दगड तिथे नेले. खोऱ्यातलं हाफोद फादोग हे घरही पाण्याखाली आहे. तिथे सुरुवातीच्या काळातले क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक जमायचे, त्यांच्यातले पुष्कळ पुढे पेनसिल्व्हेनियाला गेले, आणि तसा फलक काठावर आहे. कामाच्या दृष्टीने पद्धत अशी असावी: थडग्यांची पूर्ण यादी, प्रत्येकाचा जवळचा वारस, त्याची लेखी इच्छा, आणि वारस सापडला नाही तर काय करायचं याचा आधी ठरवलेला नियम. चुकतं काय? यादी फक्त अलीकडच्या थडग्यांची होते, वारस फक्त गावातले शोधले जातात, आणि स्मारक कसं असावं हे धरण बांधणारा ठरवतो. गोव्यातलं साळावली धरणातलं कुर्डी गाव दर मे महिन्यात पाण्यातून वर येतं आणि माणसं देवळापाशी जमतात. तिथे स्मारक लोकांनीच जिवंत ठेवलं आहे.

ज्यांनी धरण थांबवलं, त्यांच्याकडेही बघा, नाहीतर चित्र अपुरं राहील. कार्मार्दनशरमधल्या ग्वेनड्राइथ वाख खोऱ्यात, लानगिंडेर्नजवळ, स्वान्झी महापालिकेला १९६० च्या सुमारास धरण हवं होतं. ट्रवेरिनचा अनुभव समोर होता. तिथल्या शेतकऱ्यांनी लढाई संसदेपर्यंत जाऊ दिली नाही, ती फाटकावर लढली. धरणाच्या भिंतीची जागा ठरवायची तर खडक कुठे लागतो हे भोकं पाडून बघावं लागतं, त्यासाठी शेतात शिरावं लागतं. १९६३ मध्ये त्यांनी फाटकांना साखळ्या आणि कुलपं लावली, मागे ट्रॅक्टर उभे केले, आणि सर्वेक्षण करणाऱ्यांना आत येऊ दिलं नाही. एकही शेतकरी फुटला नाही, हे महत्त्वाचं. एका शेतातून वाट मिळाली असती तरी पुरलं असतं. स्वान्झीने शेवटी माघार घेतली आणि पाणी वरच्या टिवी खोऱ्यात लिन ब्रिआन धरणातून घेतलं, जिथे माणसं फारच विरळ होती. गाव राहिलं. म्हणजे विरोध कितीही मोठा असला तरी तो कोणत्या टप्प्यावर उभा राहतो, याने निकाल बदलतो. सर्वेक्षण होऊन खर्चाचा अंदाज तयार झाला की योजना कागदावरून हलत नाही.

कायद्याची बाजूही नंतर बदलली. १९६४ पासून वेल्ससाठी स्वतंत्र मंत्री आला. १९७० च्या दशकातल्या पाणी-कायद्याने मोठे जलाशय महापालिकांच्या हातून गेले. आज लिन केलिन वेल्सच्या पाणी कंपनीच्या ताब्यात आहे. २०१७ च्या वेल्स कायद्यानंतर पाण्याबाबतचे लंडनचे हस्तक्षेपाचे अधिकार काढून दोन सरकारांमधल्या कराराची पद्धत आली. १९५७ सारखं विधेयक आज त्याच वाटेने आणणं राजकीयदृष्ट्या अवघड आहे. धरणाखालच्या ट्रवेरिन नदीवर आता सोडलेल्या पाण्यात राफ्टिंग चालतं. त्याबद्दल कडवटपणाने लिहिणारे पुष्कळ आहेत, पण बालाच्या भागात त्यातून काम मिळतं, तेही नोंदवा.

आता तुमच्या प्रबंधासाठी. दावा असा मांडा: ट्रवेरिनने वेल्श बोलणाऱ्यांची संख्या घटवली नाही, जिथे वेल्श हीच सर्व व्यवहारांची भाषा होती असं एक पूर्ण वर्तुळ मोडलं, आणि ते वेल्सच्या संमतीशिवाय मोडलं. हे सिद्ध करायला तीन थर लागतील.

पहिला थर जनगणनेचा. वेल्समध्ये १८९१ पासून भाषेचा प्रश्न विचारला जातो आणि तक्ते परिश म्हणजे गावाएवढ्या लहान विभागाच्या पातळीपर्यंत मिळतात. १९५१ आणि १९६१ घ्या. मेरियोनेथ काउंटीत तेव्हा तीन-चतुर्थांश लोक वेल्शभाषक होते. परिश पातळीवर प्रमाण त्याहून किती वर होतं ते बघा. पण लक्षात ठेवा, जनगणना ‘भाषा येते का’ हे विचारते, ‘कुठे वापरता’ हे विचारत नाही. वापर सिद्ध करायला जनगणना पुरत नाही.

दुसरा थर संस्थांचा. चॅपेल दरवर्षी छापील अहवाल काढायची. त्यात सभासदांची नावं, त्यांनी दिलेली वर्गणी, रविवारच्या शाळेतली हजेरी असते. आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि डोल्गेलाइच्या अभिलेखागारात असे कागद जपलेले आहेत. ओळीने दहा-पंधरा वर्षांचे अहवाल घेतले की कोण कोणत्या जागेवर होतं, एका माणसाकडे किती जागा होत्या, आणि धरणाची बातमी येण्याआधीच सभासद कमी होत होते का, हे तिन्ही कळतं. तिसरा मुद्दा टाळू नका. खेड्यातली चॅपेल सगळीकडेच ओस पडत होती. उतार आधीपासून असेल तर तो वजा करूनच धरणाचा परिणाम सांगा.

तिसरा थर माणसं गेली कुठे याचा. प्रत्येक घरासाठी मालक होते की कूळ, कुणाबरोबर गेले, नव्या जागी शाळा कोणत्या भाषेची, आणि जुनी कोणती भूमिका तिथे मिळाली. खासगी कुटुंबांची नावं प्रबंधात देऊ नका, घरांना क्रमांक द्या.

शाळेच्या कागदांबाबत एक सावधगिरी. त्या काळच्या वेल्श खेड्यांत मुख्याध्यापकांची रोजची नोंदवही बहुतेकदा इंग्रजीत लिहिलेली सापडते, कारण ती तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असायची. त्यावरून शाळा इंग्रजी होती असा निष्कर्ष काढू नका; त्याच वहीत गाण्यांची, स्पर्धांची आणि पाठांतराची नोंद असते, ती शोधा. मुलं कोणत्या भाषेत पाठ करत होती, हे बऱ्याचदा तिथेच सापडतं.